पोराबाळांच्या घरात छोटं शिकारी कुत्रं आणताना

आमच्या बीगल जातीच्या कुत्र्याला घेऊन कोल्हापूरच्या कळंबा तलावाकडं फिरायला गेलं की दोन दिवसाआड एक तरी माणूस थांबवतो. पहिला प्रश्न ठरलेला, "केवढ्याला घेतलं ओ?" दुसरा "चावतं काय?" आणि तिसरा "आमच्या पोरांनी लै हट्ट धरलाय, असलंच एक बघून द्या की." बघून द्यायचं मला जमत नाही, पण रस्त्यात उभं राहून तेच तेच सांगून कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही की पिल्लं वाढवून विकणारा ब्रीडर नाही. घरात दोन पोरं, थोरला नऊचा आणि धाकटी साडेचारची, आई, बायको आणि सहा वर्षांचा हा बीगल, एवढाच माझा अधिकार. आणि त्याच्याआधी एक पिल्लू हातचं गेलं, ते पुढं सांगतो.

पायरी १: कुत्रं नंतर बघा, आधी त्याचं काम बघा

लोक साइज बघतात. छोटं आहे, फ्लॅटमध्ये मावतंय, पोरांना उचलता येतंय, झालं, घ्या. पण ही कुत्री छोटी का आहेत हे कोण विचारत नाही. मांडीवर बसवायला म्हणून कुणी ती छोटी केली नव्हती. बिळात शिरायला, काट्याकुट्यात घुसायला, दिवसभर सशाच्या मागं पळायला सोयीची म्हणून माणसानं पिढ्यानपिढ्या तशी निवडत आणलीत. शिकार बंद झाली तरी ते काम अंगातनं गेलेलं नाही, ते तुमच्या हॉलमध्ये, सोफ्याखाली, कुंड्यांत आणि पोरांच्या मागं पळण्यात बाहेर येतं.

ढोबळमानानं तीन प्रकार धरा. नाकावर चालणारी, म्हणजे वास धरून माग काढणारी, यात बीगल. बिळात घुसणारी, यात डॅशहुंड आणि टेरियर मंडळी. आणि झुडपातनं पाखरं उठवणारी, यात कॉकर स्पॅनियल. घरात कोणता उद्योग चालेल ते आधी ठरवा, मग तोंडाकडं बघा, कारण पिल्लाचं तोंड बघितलं की माणसाचं डोकं चालत नाही.

आणि हो, "शिकारी" म्हटल्यावर काही जणांचे डोळे चमकतात, गावाकडं शेतात सोडू, ससा धरंल. तसलं काही डोक्यात असेल तर इथंच थांबा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, कुत्र्यानं धरला तरी गुन्हा तुमच्यावरच. आपल्या कोल्हापूरला शिकारीचा नाद जुना, संस्थानात चित्ते पाळून काळवीट धरायचे, पण ते आता न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये बघायचं.

कोल्हापुरात शिकारी कुत्रं म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यापुढं कारवान येतं, म्हणजे मुधोळ हाउंड. देखणं कुत्रं, २००५ साली पोस्टानं त्याचं तिकीट काढलं, सैन्यानंही ट्रायलला घेतलं, सीमेपलीकडं कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूरला त्याच्यासाठी वेगळं संशोधन केंद्रच आहे. पण ते छोटं नाही. खांद्यापर्यंत दोन फुटांच्या वर जातं, आणि ते नजरेवर पळतं, म्हणजे लांब काहीतरी हललं की सुटलं. शेतात वस्ती असेल, कुंपण असेल तर जरूर बघा. राजारामपुरीतल्या टू बीएचकेत नको.

पायरी २: स्वतःच्या घराकडं एकदा परक्यासारखं बघा

धाकटं पोर केवढं आहे? पोर चार-साडेचारचं होईपर्यंत थांबता आलं तर थांबा, असं मी सांगतो, कारण त्याच्या आत पोराला "कान ओढायचा नाही" एवढं सांगूनही आवरत नाही आणि पिल्लाला "चावायचं नाही" हे अजून कळलेलं नसतं, दोघांच्या मधे तुम्ही. आम्ही आणलं तेव्हा थोरला तीनचा होता, म्हणजे माझाच सल्ला मी पाळला नव्हता. त्याचा भुर्दंड आईला पडला, सहा महिने तिची एक नजर पोरावर आणि एक कुत्र्यावर.

फिरवणार कोण? इथं सगळे खोटं बोलतात. पोरं म्हणतात आम्ही फिरवणार, ते पंधरा दिवस चालतं. रोज सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर, पावसाळ्यातसुद्धा, हे काम घरातल्या कोणत्या मोठ्या माणसाच्या नावावर आहे ते आत्ताच ठरवा. नाव निघत नसेल तर विषय संपला, मासे पाळा.

घर जिन्याचं आहे काय? शेजारी आवाजाला कसे आहेत? सोसायटीवाले बंदीची भाषा करतात, पण अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. तरी भांडून आणलेलं कुत्रं शेजाऱ्याच्या डोळ्यात कायम खुपतं, आधी जाऊन सांगून या. महापालिकेचं लायसन्स कसं काढायचं तेही वॉर्ड ऑफिसात विचारून ठेवा.

पायरी ३: आता जाती बघू

बीगल. माझा आहे म्हणून आधी त्याचं. उंची ३३ ते ४० सेंटीमीटर, वजन दहा-बारा किलो, म्हणजे नऊ वर्षांच्या पोराला पट्टा धरता येईल असं, पण ओढलं तर पोरगं ढोपरावर येतंय, ते झालंय आमच्याकडं. इंग्लंडमध्ये सशामागं कळपानं सोडायचे याला. कळपात राहायची सवय असल्यामुळं माणसांत, पोरांत, दुसऱ्या कुत्र्यांत हे मिसळतं, रागावत नाही. अमेरिकेत १९८४ पासून विमानतळावर सामानातली फळं-मटण हुंगून काढायला बीगल ठेवलेत, त्याचं एक कारण हेच की प्रवासी त्याला घाबरत नाहीत.

आता दुसरी बाजू. एक, ते भुंकत नाही, गळा काढतं. अॅम्ब्युलन्स गेली की आमचं ध्यान तोंड वर करून असा सूर लावतं की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात कुणाकडं काय झालं. दोन, खा खा सुटलेली असते, पोट भरलं हे त्याला कळतच नाही, त्यामुळं वजन वाढतं. तीन, नाक खाली गेलं की कान बंद. सासुरवाडी कागलकडं आहे, तिथं एकदा हार्नेसची, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याची, क्लिप नीट बसली नव्हती आणि हा ससा का काय हुंगून उसात घुसला. बीगलच्या शेपटीचं टोक पांढरं असतं, गवतातनं शिकाऱ्याला लांबनं दिसावं म्हणून, पण दहा फूट उसात काय दिसतंय डोंबल. अडीच तास हाका मारल्या. शेवटी मेव्हण्यानं सांगितलं, तुमचा अंगातला शर्ट घुसला तिथं टाका आणि गप बांधावर बसा. बसलो बनियनवर. अर्ध्या तासानं त्याच जागी बाहेर आला, अंगभर पाचटाचे ओरखडे, शर्टावर जाऊन झोपला. तेव्हापासून उघड्यावर पट्टा सोडत नाही, तुम्हीही सोडू नका, उसात घोणस असते ते वेगळंच.

डॅशहुंड. जर्मनमध्ये डाख्स म्हणजे बॅजर, बिळात राहणारं लै चिवट जनावर, त्याच्यामागं बिळात जायला हे लांब आणि बुटकं केलं. मिनिएचर पाच किलोच्या आत, स्टँडर्ड त्याच्या दुप्पट किंवा जास्त. हुशार, निष्ठावान, एका माणसाला चिकटणारं आणि हट्टी. याची अडचण पाठीत आहे. लांब कण्यातल्या चकत्या सरकायचा धोका या जातीत फार, मागचे पाय लुळे पडू शकतात. त्यामुळं जिना, सोफ्यावरनं उडी आणि काखेत हात घालून उचलणारी पोरं, या तिन्ही गोष्टी त्याला वाईट. उचलायचं तर एक हात छातीखाली, एक हात ढुंगणाखाली, पाठ आडवी सरळ. पाच वर्षांच्या पोराला हे रोज आठवणीत राहील काय, तुम्हीच सांगा. पोरं दहाच्या पुढं आणि घर तळमजल्यावर असेल तर चांगलं कुत्रं आहे. तीन मजली रो हाउस असेल तर नको.

जॅक रसेल टेरियर. टेरियर हा शब्दच मातीवरनं आलाय. इंग्लंडात डेव्हनमध्ये जॅक रसेल नावाचे एक पाद्री होते, शिकारीचे नादखुळे, ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडनं ट्रम्प नावाची कुत्री घेतली आणि तिच्यापासनं ही जात धरली असं सांगतात. २५ ते ३० सेंटीमीटर उंची, पाच-सहा किलो वजन, आणि आत मोटर शंभर सीसीची. आमच्या एका मित्रानं छोटं, सोयीचं म्हणून आणलं. परसात घूस होती. आठ दिवसांत कढीपत्त्याचं झाड मुळासकट वर, फरशीच्या कडेची माती बाहेर, आणि घूस पण बाहेर हे मान्य करायला पायजे. पण पळणारं पोर बघितलं की ते पोटरीकडं झेप घ्यायचं, वाईटपणानं नाही, पळतंय ते धरायचं एवढंच त्याला ठाऊक. घरात कुणी रोज पळायला जाणारं असेल, पोरं मोठी असतील, तर यासारखं मजेचं कुत्रं नाही. पहिलंच कुत्रं आणि लहान पोरं, तर मी तरी सांगणार नाही.

कॉकर स्पॅनियल. वुडकॉक नावाच्या पाखरावरनं नाव पडलं, झुडपातनं ते उठवायचं याचं काम. स्वभावानं मऊ, पोरांबरोबर छान, ओरडलेलं मनाला लावून घेतं. १३-१४ किलो. पण कान बघा, लांब, केसाळ, झाकलेले. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते सांगायला नको, दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिथं याचे कान काय वाळणार. आठवड्यातनं दोनदा कान बघायचे, पुसायचे, रोज केस विंचरायचे. बायकोची मैत्रीण हे सगळं निगुतीनं करते आणि तिचं कुत्रं गुणी आहे. तुमच्याकडनं होणार असेल तर बीगलच्या बरोबरीनं हे धरा.

आणखीही जाती आहेत, पण इथं बघायला तरी मिळतील अशा या. आणि खरं सांगू काय, शिकारीच पायजे असा हट्ट नसेल तर गल्लीतलं देशी पिल्लू नीट वाढवलं तर या सगळ्यांपेक्षा काटक निघतं. तो विषय वेगळा.

पायरी ४: पिल्लू कुठनं घ्यायचं

आता ते हातचं गेलेलं. पहिल्यांदा आम्ही मोबाइलवर फोटो बघून एकाकडनं घेतलं. तो म्हणाला घरी येऊ नका, मीच आणून देतो, आणि हायवेच्या एका पंपावर खोक्यातनं पिल्लू दिलं. "पंचेचाळीस दिवसांचं आहे, लस झालीय." कार्डावर तारीख होती, डॉक्टरचा शिक्का नव्हता, आनंदाच्या भरात कोण बघतंय. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तोंड उघडून दात बघितले आणि म्हणाले, हे जेमतेम महिन्याचं आहे हो. चौथ्या दिवशी उलट्या, मग रक्ताची हगवण. पार्वो, पिल्लांना होणारा विषाणूचा रोग. सलाइन लावून रात्रभर बसलो, सहाव्या दिवशी गेलं. त्या माणसाचा फोन बंद. थोरला तेव्हा तीनचा, तो कितीतरी दिवस खोक्यात बघायचा.

म्हणून आता ऐका. श्वान प्रजननाचे २०१७चे केंद्राचे नियम आहेत, त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. नोंदणीचा कागद मागा. केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर वेगळे, ते वंशावळीचे, त्यावरनं पिल्लू निरोगी आहे असं होत नाही. पंपावर, स्टँडवर, गाडीच्या डिकीतनं पिल्लू घेऊ नका. त्याच्या घरी जा आणि पिल्लाची आई बघा. आई दाखवत नसेल तर चहा पण न घेता उठा. आई अनोळखी माणसाला कशी वागते, पोरांजवळ येते का, लाजते का, दात दाखवते का, यावरनं जेवढं कळतं तेवढं पिल्लावरनं कळत नाही. डॅशहुंड असेल तर आईबापांना पाठीचा त्रास झालाय का विचारा, कॉकर असेल तर कान स्वतः उघडून हुंगा, आंबूस वास आला तर समजून जावा.

पायरी ५: एका वेतातलं कोणतं उचलायचं

सगळ्यात आधी पळत येऊन बुटाची नाडी धरणारं पिल्लू सगळ्यांना आवडतं. पोरांच्या घरात ते नको, ते मोठं झाल्यावर पण तसंच सगळ्यात आधी येणार. कोपऱ्यात दबून बसलेलं पण नको, घाबरट कुत्रं पोरांच्या आरडाओरड्यानं चावरं होऊ शकतं. मधलं घ्या, जे थोडं थांबून, हुंगून मग जवळ येतं. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मागं जमिनीवर टाका. दचकलं तर हरकत नाही, दचकून परत बघायला आलं पायजे. उचलून हातावर उताणं धरा, थोडं वळवळून शांत होणारं चांगलं. डोळे, नाक स्वच्छ, ढुंगण कोरडं, पोट ढोलासारखं फुगलेलं नको, ते बहुतेक जंत असतात. पोरांना या वेळी न्यायचं नाही, ती पहिल्या मिनिटात नाव ठेवून मोकळी होतात आणि मग तुम्हाला नाही म्हणता येत नाही.

पायरी ६: लस, खाणं

पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांत, पुढचे तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीज तीन महिन्यांनंतर, मग डॉक्टर सांगतील तसं. लेप्टोची लस आपल्याकडं टाळू नका, २०१९ आणि २०२१ला पुराचं पाणी कुठवर आलेलं ते आठवतंय ना, उंदीर-घुशींच्या मुतातनं तो रोग पसरतो आणि माणसाला पण होतो. लस पुरी होईपर्यंत रस्त्यावर सोडायचं नाही, पण घरात कोंडून पण ठेवायचं नाही. कडेवर घेऊन महाद्वार रोडची गर्दी, ट्रॅफिक, शाळेची घंटा, ढोल-ताशा लांबनं दाखवा. या तीन महिन्यांत जे बघितलं त्याला ते पुढं घाबरत नाही.

खाण्यात आपली माया आडवी येते. आईनं प्रेमानं गंगावेशीच्या कट्ट्यावरनं धारोष्ण दूध आणलं, वाटीभर पाजलं आणि रात्रभर सगळ्यांनी फरशी पुसली. म्हशीचं दूध पिल्लाला पचत नाही. रविवारी तांबडा-पांढरा केला की हा ओट्याखाली बसतो, पण कांदा-लसूण त्याच्या रक्ताला घातक, आणि शिजवलेलं हाड फुटून टोकदार होतं, आतडं फाडतं. मीठ-मसाल्याआधी काढलेले मटणाचे दोन तुकडे द्या, हाड नाही. पोरांच्या खिशातलं चॉकलेट, आणि तासगावची द्राक्षं नि बेदाणे, हे तर अजिबात नाही, द्राक्षानं किडनी जाते. शिऱ्यातले, लाडवातले बेदाणे पण त्यातच आले.

चार ते सहा महिन्यांत दात बदलतात, तेव्हा दिसेल ते चावतं. माझा एका लग्नासाठी घेतलेला नवा कोल्हापुरी कापशी चपलेचा जोड, अंगठा आणि कान दोन्ही गेले. चूक माझी, शेवटी ते कातडंच, त्याला काय ठाऊक की ते पायात घालायचं असतं.

पायरी ७: पोरांचं ट्रेनिंग

कुत्र्याच्या ट्रेनिंगबद्दल सगळे बोलतात, पोरांच्या कोण नाही. आमच्याकडं चारच कायदे. खाताना हात लावायचा नाही. झोपलेल्याला उठवायचं नाही, लांबनं हाक मारायची. मिठी मारायची नाही, पोराला प्रेम वाटतं, कुत्र्याला धरल्यासारखं वाटतं. आणि ते अंगावर उडी मारायला लागलं की पळायचं नाही, हाताची घडी घालून झाडासारखं उभं राहायचं. धाकटीला हे शेवटचं लै आवडलं, आता आत्या आली तरी झाड होते.

पाच-सहा वर्षांच्या आतलं पोर आणि कुत्रं एका खोलीत एकटं सोडायचं नाही, कुत्रं कितीही गुणी असलं तरी. कुत्रं ओठ चाटतंय, तोंड फिरवतंय, डोळ्याचं पांढरं दाखवतंय, जांभई देतंय, म्हणजे त्याला बास झालंय. गुरगुरलं तर मारू नका. गुरगुरणं ही सूचना आहे, ती मारून बंद केली की पुढच्या वेळी सूचना न देता चावेल. चुकून दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि तसंच सरकारी दवाखान्यात जायचं. हळद, मिरची, चुना काही लावत बसू नका. घरचंच आहे, लस झालीय, हे डॉक्टरला सांगा, ठरवू द्या त्यांना.

गोचिडाचं तेवढं बघा. पावसाच्या आगेमागे रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या बुडाशी हात फिरवायचा. गोचीड तापानं चांगली कुत्री दगावतात, औषध डॉक्टरला विचारून महिन्याच्या महिन्याला.

पायरी ८: घरी आणायचा दिवस

सुट्टीच्या आदल्या दिवशी आणा, दिवाळीत आणि गणपतीत नको, फटाके-डीजेत पिल्लू हबकतं. त्याच्या आधीच्या घरचं एखादं फडकं मागून घ्या, आईचा वास असलेलं, ते खोक्यात अंथरा आणि पहिले काही दिवस खोकं तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, रडलं की नुसता हात खाली सोडा. झोपेतनं उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच बाहेर न्यायचं, दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तासांवर धरवत नाही, रात्री गजर लावा. आणि पहिला आठवडा पाहुणे नकोत. बातमी कळली की आत्या, मामा, शेजारची चार पोरं सगळी येणार, प्रत्येकाला ते हातात पायजे असतं, त्याला झोप मिळत नाही आणि मग ते चिडून चावायला लागतं. सगळ्यांना पुढच्या रविवारी बोलवा, येताना पेढे आणू द्या, आणि दारातच सांगा की पेढा त्याला नाही.